तीन-एकला काय खेळायचं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या शैलावहिनीला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मला ओळखणारे सगळे मला सरळ माणूस समजतात.

सरळ म्हणजे काय? रोह्याजवळच्या एका कंपनीत, लॅबमध्ये, माझी सत्तावीस वर्षं गेली. दर दोन तासांनी नमुना घ्यायचा, तपासायचा, रीडिंग लिहायचं. शिफ्टवाल्यांनी डोळे वटारले तरी एक आकडा मी इकडचा तिकडे केला नाही. घरी गॅसचं सिलिंडर कधी लावलं त्याचीही तारीख माझ्याकडे असते. मोठेपणा म्हणून नाही सांगत. उलट — ज्याच्याकडे सगळं लिहिलेलं असतं, त्याला ‘लक्षात आलं नाही’ असं म्हणता येत नाही, एवढंच.

मनोहरभाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला होते, त्याआधी बारा वर्षं मस्कतला. तिथून त्यांनी एक लाकडी पेटी आणली होती. उघडली की तिचाच पट व्हायचा — चोवीस घरं, दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे. खेळाचं नाव बॅकगॅमन. भाऊ त्याला नुसतं ‘पेटी’ म्हणायचे. रिटायर झाल्यावर ते रोह्याला लागूनच वरसेला राहायला आले आणि आमचा रविवार ठरून गेला. मी सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला यायचो, तिथून चालत त्यांच्या घरी. पडवीत पेटी मांडलेलीच असायची. तीन डाव, मध्ये त्यांच्या बायकोचा, शैलावहिनीचा, चहा, आणि जेवायला मी परत घरी. सहा वर्षं हे चाललं.

सहा वर्षं मी हरलो. अगदी प्रत्येक वेळी नाही — चार डावांत एखादा माझा. पण भाऊंच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मी विचार करायला लागलो की, “अरे लॅबवाल्या, फासा काय टेस्टिंगला पाठवतोस? खेळ ना!” एकदा त्यांच्या पुतण्याच्या साखरपुड्यात, भरल्या मांडवात, माझ्या बायकोसमोर म्हणाले, “याला इतकी वर्षं शिकवतोय. पेणच्या कारखान्यातला कच्चा गणपती जरी समोर बसवला असता ना, तर रंग लागायच्या आत शिकला असता!” सगळे हसले. बायकोही हसली. मीही हसलो — काय करणार?

मग मी एक वही सुरू केली. हा खेळ फाशांचा आहे, पण नुसता फाशांचा नाही. सुरुवातीला दोघं एकेक फासा टाकतात. ज्याचा आकडा मोठा त्याने ते दोन्ही आकडे घेऊन पहिली खेळी करायची. म्हणजे पहिली दानं फक्त पंधरा होतात — सारखे आकडे पडले तर पुन्हा टाकायचं. पंधरांपैकी काहींना दोन-तीन उत्तरं चालतात. दोन-एकला काय खेळावं यावर जाणकारांतही मतं वेगळी असतात. पण काही दानांना एकच उत्तर. तीन-एक त्यांतलं. एका घरातली सोंगटी तीन पावलं, दुसऱ्या घरातली एक पाऊल — दोघी एकाच घरात येऊन बसतात, घर आपलं होतं. एकटी सोंगटी मारता येते, जोडी नाही. तीन-एक पडलं की भाऊंचा हात डोळ्यांच्या आधी जायचा. आणि पहिल्या खेळीत डाव कळतो, हे त्यांचंच म्हणणं. म्हणून मी दर रविवारी दोघांची पहिली दानं आणि पहिल्या खेळ्या उतरवून ठेवायला लागलो.

त्या वर्षी श्रावणात भाऊ मागच्या दारी शेवाळावर घसरले. डोकं पायरीवर आपटलं. टेंगूळ आलं, चार दिवसांत गेलं. वहिनीने हळद लावली, विषय संपला. पुढच्या रविवारी खेळले तेव्हा त्यांनी मला तिन्ही डावांत हरवलं.

मग गणपती झाल्यावरच्या एका रविवारी त्यांना चार-दोन पडलं. त्यालाही एकच उत्तर — घर बांधायचं. त्यांनी दोन सोंगट्या दोन दिशांना सोडल्या, एकट्या-एकट्या. मला वाटलं, आज लक्ष नाही. वहीत लिहिलं. पुढच्या रविवारी सहा-एक — तेही चुकलं. बोलताना शब्द अडायला लागले होते. फासे टाकायला उजव्या हाताऐवजी डावा पुढे यायचा. मी ते बघत होतो. आणि जिंकत होतो.

मला तेव्हाच कळलं का? स्वतःला मी पुष्कळदा विचारलंय. नीट उत्तर द्यायचं तर — तिसऱ्या रविवारी कळलं. आजार कोणता ते नाही, पण माणसात काहीतरी बिघडलंय हे कळलं. तीस वर्षं खेळलेला माणूस ठरलेली खेळी विसरत नाही. लॅबमध्ये असं रीडिंग आलं असतं तर मी धावत जाऊन प्लांट थांबवायला लावला असता. इथे मी लिहून ठेवलं आणि पेणची गाडी पकडली. गाडीत मी खूश होतो.

वहिनीला खेळ कळत नव्हता. तिला एवढंच दिसायचं की मी जिंकतोय. चहाचे कप उचलताना म्हणायची, “भावजी, हल्ली भारी झालात हो! आमच्या साहेबांची मिजास उतरवलीत.” तेव्हा सांगता आलं नसतं? एक वाक्य होतं — वहिनी, भाऊंना डॉक्टरकडे घेऊन जा. मी म्हणालो, “गुरूच चांगला मिळालाय.”

पण जे सांगायला बसलोय ते हे नाही. ते अजून पुढेच आहे.

पाचवा रविवार. भाऊंना तीन-एक पडलं. ते फाशांकडे बघत राहिले. बराच वेळ. हात सोंगटीवर जायचा, मागे यायचा. मग त्यांनी आत डोकावून बघितलं — वहिनी स्वयंपाकघरात होती — आणि माझ्याकडे वाकून, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात विचारलं, “तीन-एकला काय खेळतात रे? आठवत नाय मला.”

भर मांडवात मला हसलेला माणूस. डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, मला विचारलं. का? मीच तर होतो, दर रविवारी समोर बसणारा.

मी म्हणालो, “मागची एक सोंगटी चार घरं पुढे काढतात, भाऊ.”

त्यांनी काढली. माझ्या तोंडासमोर, एकटी. “हां, बरोबर,” म्हणाले, “आता आठवलं.” मग पुन्हा हळू, “हिला सांगू नको हां. उगाच घाबरेल.” पुढच्याच दानाला मी ती सोंगटी मारली. डाव जिंकलो.

‘हिला सांगू नको’ हे वाक्य पुढे मला फार उपयोगी पडलं. भाऊंनीच मना केलं होतं ना? पण त्यांचा शब्द राखायचा म्हणून मी गप्प होतो, हे खरं नाही. मला अजून जिंकायचं होतं. चुकीच्या पहिल्या खेळीपासून धरलं तर एकूण अकरा रविवार झाले. तेहतीस डाव. त्यांतले सव्वीस मी जिंकलो.

बाराव्या रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. भाऊ अंथरुणातून उठताना पडले होते, हाक मारली तरी नीट बघत नव्हते. पनवेलला नेलं. फोटो काढल्यावर डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साचलंय, जुनं आहे, कधीतरी डोक्याला मार लागल्यावर थेंब-थेंब साचत गेलेलं. हा त्रास कधीपासून? वहिनी म्हणाली, आठ-दहा दिवस झाले असतील. डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्ही दर आठवड्याला भेटता ना? तुमच्या काही लक्षात आलं होतं?”

मी म्हणालो, “नाही. खेळायचे की व्यवस्थित.”

वही तेव्हा माझ्या पिशवीतच होती. रविवार होता ना.

ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरांनी वहिनीला समजावलं की महिना-दीड महिना आधी आणलं असतं तर बहुतेक पूर्ण बरे होऊन घरी गेले असते, पण घरच्या माणसाला हे कळणं अवघड असतं, स्वतःला दोष देऊ नका. ती तरीही देते. एका छपराखाली राहून मला दिसलं कसं नाही, असं ती अजून म्हणते. माझ्याजवळच म्हणते. आणि मी ऐकून घेतो.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. भाऊ खुर्चीत असतात. उजवा हात चालत नाही. बोलणं चार-पाच शब्दांचं, त्यांत माझं नाव नाही. मी अजून दर रविवारी जातो. त्यांची नखं कापतो, दाढी करतो, पेपरातलं थोडं वाचून दाखवतो. परवा वहिनीची बहीण आली होती. वहिनीने तिला माझी ओळख करून दिली — “यांचे सगळे मित्र सुटले गो, हे एकटे टिकले. सख्खा भाऊ करणार नाय एवढं करतात.”

बहिणीने मला हात जोडले. मी साबण लावलेला ब्रश भाऊंच्या गालावर फिरवत राहिलो.