कौल उजवा पडला, पण कशाला?

देवीवर माझा विश्वास होता, आहे. स्वतःच्या डोक्यावर मात्र त्या दिवसांत अजिबात उरला नव्हता. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. आई पंच्याऐंशीची. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यातला डावा तर पार वाकडा झालेला. परसातल्या संडासात मी तिला काखेत हात घालून न्यायची, बसवायची, धरून ठेवायची. मी शाळेत शिकवायला गेले की शेजारच्या वहिनी न्यायच्या. तीन वर्षं असं चाललं होतं. अशात कळलं की मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा कोल्हापुरात येतात आणि गुडघ्याचा सांधाच बदलतात. त्यांनी आईला तपासलं. म्हणाले, "हृदय चांगलं आहे, एक गुडघा करता येईल. पण या वयाच्या माणसांची मी फार थोडी ऑपरेशनं केलीत. भूल सोसली नाही तर काहीही होऊ शकतं. पुढच्या फेरीपर्यंत ठरवून ठेवा."

ठरवायचं कुणी? थोरला भाऊ म्हणाला, करून टाक. धाकटा म्हणाला, या वयात कशाला चिरफाड, सुखानं जाऊ दे तिला. आणि मग दोघंही म्हणाले, शेवटी जवळ तू आहेस, तूच काय ते ठरव. झालं, हात झटकून मोकळे. मला सकाळी वाटायचं करावं, संध्याकाळी वाटायचं नको. ऑपरेशनात ती गेली तर मी मारली असं होणार, नाही केलं तर अशीच फरफटत जाणार. डोक्याचा नुसता भुगा झाला. एकदा तर सहावीच्या वर्गाला सातवीचा धडा शिकवून आले आणि पोरांनीही मुकाट ऐकून घेतला.

आमच्या घरात लग्न असो, विहीर असो, गावदेवीला कौल लावल्याशिवाय पुढं जात नाहीत. देऊळ आमच्या मूळ गावी, कोडोलीच्या पलीकडं. एका रविवारी एकटीच गेले. गुरवानं ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी डोळे मिटून मनातल्या मनात विचारलं. थोड्या वेळानं गुरव म्हणाला, "उजवा दिला की वो बाई. मनासारखं व्हणार." इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. पण पायऱ्या उतरून चपला घालताना लक्षात आलं. मी विचारलं होतं, 'ऑपरेशन करू, का राहू दे?' देवीनं हो म्हटलं खरं, पण कशाला हो? तीस वर्षं पोरांच्या अंगावर ओरडत आले होते, प्रश्न नीट वाचा म्हणून. आणि मला साधा प्रश्न धड विचारता आला नव्हता.

परत वर गेले. गुरवानं कपाळाला हात लावला. "एका कौलाला एकच गोष्ट इचारायची असती. आता दिल्याला कौल परत मागता येत न्हाई बघा."

कोडोलीच्या स्टँडवर बाकड्यावर बसले आणि रडू आवरेना. शेजारी एक म्हातारी मुसलमान बाई बसली होती. गाद्या शिवायचं काम होतं तिचं, लुगड्याला कापूस चिकटलेला. "काय झालं वो बाई?" म्हणाली. अनोळखी माणसापाशी सगळं सांगून टाकलं. भाऊ, डॉक्टर, कौल, सगळं. तिनं मान हलवत ऐकलं आणि म्हणाली, "पाय तुमच्या आईचा हाय न्हवं? मग तिला इचारलासा का?"

डॉक्टरांना विचारलं होतं, भावांना विचारलं होतं, देवीला विचारलं होतं. आईला विचारायचं राहूनच गेलं होतं. तेवढ्यात माझी गाडी लागली. ती बाई पुन्हा कधी दिसली नाही आणि नावही विचारलं नाही मी.

घरी आले ती आईच्या अंथरुणाशीच बसले. म्हटलं, "आई, तुला काय वाटतं? करायचं का ऑपरेशन?" ती म्हणाली, "मला वाटलं, मला कोन इचारतच न्हाई. करायचं. भ्या वाटतंय, पर करायचं. मेले तर मेले. रोज तुझ्याफुडं लुगडं वर करायची लाज वाटती गं मला."

तीन वर्षं मी समजत होते की तिचे फक्त गुडघे दुखतात.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसले होते. देवीला काही विचारलं नाही, काही मागितलंही नाही. तुझं तू बघ, एवढंच म्हटलं आणि पहिल्यांदा मन शांत झालं. कौल कशाचा होता ते मला आजही कळलेलं नाही. त्या बाईला तिथं कुणी बसवलं होतं, तेही नाही. आपल्याला सगळं कळलंच पाहिजे हा हट्ट मात्र त्या दिवशी सुटला. माझ्यासारखीला एवढी कृपाही पुष्कळ झाली.

महिन्याभरानं आई वॉकरच्या चौकटीला धरून परसात निघाली. खाली बसता येणार नव्हतं म्हणून भावांनी संडासात भोकाची लाकडी खुर्ची करून ठेवली होती. सवयीनं मीही मागोमाग गेले. दाराशी तिनं मला हातानं थांबवलं, आत गेली आणि आतून कडी लावून घेतली.