सरकी चावणारे नामदेवकाका

काल कापसाच्या गाडीमागे माझी स्कूटर अडकली आणि त्या वासानं मी मनानं थेट घाटंजीच्या जुन्या जिनिंग कारखान्यात जाऊन पडलो.

तेव्हा मी त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवत होतो आणि त्यात काय काय हवं, ते एकेकाला विचारत फिरत होतो. कापूस पारखणाऱ्या नामदेवकाकांच्या खोलीत शिरलो आणि बाहेर गाड्या अशा रिकाम्या झाल्या, की दारापुढे कापसाचा हिमालयच उभा राहिला. दार उघडेना.

"ओलावा कसा ओळखता, काका?"

"चावा," म्हणत त्यांनी कापसातली सरकी काढून माझ्या तोंडात कोंबली. "कटकन फुटली त वाळली. दबली त ओली."

मी चारेक क्विंटल तरी सरकी चावली असेन. काका सांगत होते, मी लिहीत होतो. मग वहीत डोकावून ते हळूच म्हणाले, "साहेब, हे सारं तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात गेल्यावर मले कायले बोलावतीन?"

पळायला दार नव्हतं.

"तुमच्याशिवाय तो डबा सुरूच होणार नाही," मी ठोकून दिलं.

काका इतके खुलले, की उरलेले बारकावेही त्यांनी सांगून टाकले. मी तेही लिहून घेतले.

माझ्या हजार थापांपैकी एकही कुणी खरी मानत नाही. ही एक मात्र काकांनी मानली.