न उघडलेल्या फायली

भाषेचं मॉडेल, म्हणजे आपल्याशी गप्पा मारणारं एआय, कितीही हुशार असलं तरी मुळात ते बोलघेवडं असतं. बोलेल तासभर, पण कॉम्प्युटरवरची एक फाइल स्वतःहून उचलून देणार नाही. ते जमावं म्हणून मधे सर्व्हर नावाचा एक प्रोग्राम लिहावा लागतो, आणि नाशकात पाथर्डी फाट्याजवळच्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी गेल्या वर्षी तोच लिहीत होतो. फाइल शोधणं, हलवणं, पुसणं, अशा एकेका कामासाठी एकेक साधन बनवायचं आणि त्याला चार ओळींची चिठ्ठी जोडायची: हे काय करतं, कधी वापरावं. मॉडेल ती चिठ्ठी वाचतं आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं.

पुसण्याच्या साधनाला मी लिहिलं होतं, ‘वर्षभरात एकदाही न उघडलेली फाइल नको असलेली समजावी.’ या वाक्यावर मी बेहद्द खूष होतो.

गिऱ्हाइकाला देण्याआधी सर्व्हर माझ्याच फायलींवर चालवून पाहिला. मॉडेलनं बिचाऱ्यानं यादी दाखवली, पुसू का म्हणून विचारलं. तसं विचारायला मीच शिकवलं होतं. मी चहा पीत होतो. यादी न वाचताच ‘हो’ म्हणालो आणि काम किती झटपट झालं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्या यादीत आईचा आवाज होता.

आई इगतपुरीला माझ्या धाकट्या बहिणीकडे असायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून रोज सकाळी ती फोनवर बोलून मला निरोप पाठवायची. ते आपोआप माझ्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये साठत गेले. ती गेली आणि मला तो फोल्डर उघडवेना. दोनदा कर्सर तिथपर्यंत नेला, दोन्ही वेळा रडू आलं आणि मी उठून गेलो. हात लावायची हिंमत होत नाही म्हणूनही एखादी गोष्ट वर्षभर बंद राहते, हे त्या चिठ्ठीत लिहायचं मला सुचलं नव्हतं.

कळलं ते बहिणीचा फोन आला तेव्हा. पुसलेलं महिनाभर परत आणता येतं, मग कायमचं जातं. महिना केव्हाच उलटला होता.

“दादा, आईचं बोलणं हाय ना तुझ्याकडं? मला पाठव की. इतके दिवस ऐकायचा धीर नव्हता.”

“तुझ्याकडे एकही नाही?”

“मला कशाला पाठवंल ती? एकाच घरात व्हतो आम्ही.”

आईचं दुखणंखुपणं, अंघोळ, औषधं, सगळं सात वर्षं बहिणीनं केलं. लांब राहणाऱ्या मला मात्र रोजचा आवाज मिळाला, आणि तोही मी असा घालवला. मी खरं काय ते सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “तू तर ऐकलंय ना सगळं? मग तूच सांग. काय बोलायची रे ती तुला रोज?”

पुसलेल्या फायलींची नोंद सर्व्हरनं ठेवली होती. ती माझ्यासमोर होती: तारीख, वेळ, किती सेकंद. मी ती वाचत खाली गेलो आणि त्या सकाळी आठवल्या. निरोप आला की संध्याकाळी ऐकू म्हणून मी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून द्यायचो. आईला वाटायचं, पोरानं ऐकलं. संध्याकाळी माझ्या लक्षातही राहायचं नाही. यातल्या कितीतरी फायली आई असतानाच मी उघडल्या नव्हत्या.

हे मला बहिणीला सांगवलं नाही.

“तुझं कौतुक करायची,” मी म्हणालो.

“अजून?”

मग मी सांगत गेलो. ती हुंदके देत ऐकत होती, मधेच “हां, आईच ती” म्हणत होती. त्यातलं एकही वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.