दादा, तू मला एकदाही वर नेलं नाहीस

परवा माझा भाऊ गेला, आणि फेसबुक बघून वाटतंय की सुतक माझ्याखेरीज बाकी सगळ्यांना आहे.

"आमचे वडील गेले."
"आमचा बापमाणूस गेला."

तो कोणाचाही बाप नव्हता. त्याने लग्नच केलं नव्हतं.
तो माझा सख्खा थोरला भाऊ होता आणि चौऱ्याहत्तर वर्षं मी त्याची बहीण आहे. सिनिऑरिटी कोणाची, ते बघा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. दादा एअर फोर्समध्ये पायलट होता. एकाहत्तरची लढाई लढला. रिटायर झाल्यावर घाटनांदूरजवळ आमच्या शेतावर राहायला आला. गाव त्याला 'मेजर' म्हणायचं. एअर फोर्समध्ये मेजर नसतो, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही.
मी सांगायचे.

मलाही पायलट व्हायचं होतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, प्रार्थना कर.
केली.
एअर फोर्स तेव्हा मुलींना पायलट म्हणून घेतच नव्हतं. मी अंबाजोगाईत पोरांना इंग्लिश शिकवत रिटायर झाले.

मग आज फेसबुकवर रडणारी ही पॅरामोटरवाली पोरं आली. वर पॅराशूटसारखं कापड, खाली तीन चाकांची गाडी, मागे पंखा. हौस म्हणून उडतात.

मोठ्या दुष्काळाचं वर्ष होतं. ऊसच नव्हता, म्हणून सहकारी साखर कारखाना सुरूच झाला नाही. उसाच्या गाड्या उभ्या राहायचं यार्ड रिकामं पडलं होतं. दादाने चेअरमनला भेटून ते रविवारपुरतं मागून घेतलं.
सत्तरी उलटलेला माणूस. पुढच्या सीटवर स्वतः बसायचा, मागे एकेका पोराला बसवून शिकवायचा.

"दादा, आज मला ने."
"वारं बरोबर नाही, शैला."

वारं माझ्याच वेळी बिघडायचं. सुवर्णाच्या वेळी कधी नाही.
सुवर्णा दिंद्रुडची. खतं-बियाणांचं दुकान चालवते. वर्षभरात ती एकटी उडायला लागली, आणि दादा तिच्याकडे ज्या नजरेने बघायचा तसं त्याने माझ्या एम.ए.च्या निकालाकडेही बघितलं नव्हतं.
ती मुलगी मला डोळ्यांसमोर नकोशी व्हायची. स्पष्टच लिहिते.

पुढच्या वर्षीही मृग कोरडा गेला. ढग यायचे आणि निघून जायचे.
एका रविवारी दूध सोसायटीची वीस-पंचवीस माणसं यार्डात आली. पुढे सेक्रेटरी किसनराव.

"मेजरसाब, राग मानू नका. पर तुमच्या ह्या पंख्यांनी ढग पळून चाललेत. बारक्या लेकरालाबी कळायलंय."

पोरं हसली. एकाने मोबाईल काढून सायन्स समजावायला सुरुवात केली. दादाने त्याला गप्प केलं.
"कापडांच्या घड्या घाला. पाऊस पडेपर्यंत कोणी उडणार नाही."
"सर, पण यात काही लॉजिक आहे का?"
"त्यांचं पीक चाललंय. तुझा रविवार चाललाय."

मग तो किसनरावांना म्हणाला, "बंद करण्याआधी तुमच्यातला एक माणूस वर पाठवा. बघून येऊ द्या, आम्ही काय पळवतो ते."

कोणी हलेना. मी म्हणाले, मी जाते. चप्पल काढून तयार होते.
"तू बस," दादा म्हणाला. "तू माझी बहीण. तुझ्या शब्दावर इथे कोण विश्वास ठेवील?"
बरोबर होतं. त्याचं नेहमी बरोबरच असायचं, तोच तर त्रास होता.

शेवटी किसनराव बसले, टोपी खिशात कोंबून. सुवर्णाने नेलं. दहा मिनिटांनी उतरले, टोपी झटकून डोक्यावर घातली. लोकांनी विचारलं, काय दिसलं?
"वर बी कोरडंच हाय," ते म्हणाले.

गावाने मग आडकाठी केली नाही. पण दादाने शब्द मोडला नाही. पाऊस पडेपर्यंत दर रविवारी तो पोरांना यार्डात जमिनीवर बसवून ढग वाचायला शिकवायचा. किसनरावही येऊन बसायचे.
मी चहा पाठवायचे.

काल सकाळी एका पोराने लिहिलं की लढाईत धुक्यामुळे सरांना धावपट्टी दिसेना, आणि इंधन संपत आलं होतं.
मला हे माहीत नव्हतं. मला तेव्हा त्याचं एका ओळीचं पत्र आलं होतं. मी बरा आहे, अभ्यास कर.

काल संध्याकाळी सुवर्णा आली. स्वयंपाकघरात शिरली, न विचारता भांडी घासली. मी माझ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं नाही, आणि हिच्याकडे तर नाहीच.
तरी म्हणाले, "मला एकदा वर नेशील?"

तिने नळ बंद केला.
"मॅडम, सरांनी नको म्हणून सांगितलंय. मी इचारलं होतं, कावून नेत न्हाई? तर म्हणले, त्या धुक्यात एकच डोक्यात होतं, शैला घरी वाट बघत आसंल, म्हणून उतरायचंच. ती बी वर आली तर खाली कोण ऱ्हाईल?"

म्हणजे पन्नास वर्षं मी खाली उभी होते, याच्या सोयीसाठी. आणि हे त्याने मला नाही, तिला सांगितलं.

मी म्हणाले, "आता तर तो उतरणार नाहीये ना?"
सुवर्णा रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मग डोळे पुसून म्हणाली, "तेरावं झालं की पुढच्या रविवारी. सकाळी सहाला. वारं आसलं तर नेणार न्हाई, आधीच सांगते."

मी जाणार आहे. गुडघ्यांबद्दल कोणी कॉमेंट करू नये.

दादा, राग गेलेला नाही.
नीट जा.