डाव्या हाताचा राम राम

श्री. रघुनाथ शेवाळे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नाना, यांची आणि माझी पहिली भेट एका चुकीमुळे झाली, आणि ती चूक माझी होती. पुढे आमच्यात जे सर्वांत महत्त्वाचे घडले, त्याच्या मुळाशीही माझीच चूक आहे. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल कमी बोलावे हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तो आज मला पाळता येणार नाही, त्याबद्दल समितीने क्षमा करावी.

मी तेव्हा नाशकातल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून लागलो होतो. पत्र्याला आकार देणारे साचे, ज्यांना आम्ही डाय म्हणतो, ते तिथे तयार होत. नाना तिथले सर्वांत जुने कारागीर. दुसऱ्याच आठवड्यात मी एक महागडा पोलादी ठोकळा चुकीच्या मापाने कापून ठेवला. मॅनेजर तावातावाने आले आणि हे कोणाचे काम म्हणून विचारू लागले. नाना चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "माप मी चुकीचं सांगितलं होतं." मॅनेजर नानांना काय बोलणार? ते पाय आपटत निघून गेले. मग नानांनी स्टूल ओढले आणि मला म्हणाले, "आता सांग, घाई कुठं केलीस?"

नाना मूळचे बागलाणातले, सटाण्याजवळच्या एका खेड्यातले. इतकी वर्षे नाशकात राहून त्यांची मराठी शहरी झाली आहे, पण राग आला किंवा मन भरून आले की अहिराणी बाहेर पडते. नाशकात ते प्रथम प्रेस मशीन चालवायला आले. बाविसाव्या वर्षी त्या प्रेसने त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे नेली, अंगठ्याशेजारचे आणि मधले. बरे होऊन परतले तेव्हा त्यांना टूलरूममध्ये बसवले, आणि तिथे त्यांनी असे काम शिकून घेतले की पुढची पस्तीस वर्षे कारखाना त्यांच्या हातावर चालला. त्यांनी केलेल्या प्रत्येक डायला आडवी पट्टी असे, मागितली असो वा नसो. "बोट आत जाईल अशी जागाच ठेवायची नाही," एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांच्या डायवर कुणाचे बोट गेल्याचे मी तरी ऐकले नाही.

त्यांचा दुसरा नियम कानशीचा. दुसऱ्याच्या कामात काही वेडेवाकडे दिसले, तर ज्याचे काम आहे त्याला विचारल्याशिवाय त्यावर कानस फिरवायची नाही. "तुला चूक वाटतंय. त्याला तसंच हवं असेल. आधी विचार." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान शंभरदा ऐकले असेल. नवीन पोरांना मी स्वतः ते ऐकवतो आणि त्यांच्यासमोर शहाणा ठरतो.

आपणांपैकी बहुतेकांच्या लक्षात आले असेल की नाना दोन्ही हात जोडून नमस्कार करत नाहीत. उजवा हात छातीशी नेतात आणि मान लववतात. डावा खिशात असतो. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल पांघरली, तेव्हा तो हात शालीत गेला आणि श्रीफळ त्यांनी एकाच हाताने, पोटाशी धरून घेतले. आम्ही टाळ्या वाजवल्या. नारळ निसटतो की काय, एवढीच चिंता मला वाटल्याचे आठवते.

मी नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर मोबाइलवरचे खेळ तयार करू लागलो, तेव्हा घरच्यांनी डोक्याला हात लावला. इंदिरानगरात दोन खोल्या घेतल्या. पहिला मोठा खेळ योजला तो 'बाजारवाट'. आपल्या गावातून कांद्याने भरलेली ट्रॉली घेऊन निघायचे, खड्डे, चढ आणि म्हशी चुकवत लासलगावच्या लिलावाला वेळेत पोचायचे. वाटेत दुसरे खेळणारे भेटतात, त्यांना हात दाखवून राम राम करायचा. आमच्यापैकी एकालाही ट्रॅक्टर धड काढता येईना. नानांनी टूलरूममधली शेवटची काही वर्षे संगणकावर ड्रॉइंग काढण्यात घालवली होती, म्हणून त्यांना विचारले. पासष्टाव्या वर्षी ते डबा घेऊन आमच्याकडे येऊ लागले. "घरी बसून हिच्या भाजीला नावं ठेवण्यापेक्षा बरं," म्हणाले.

ट्रॅक्टर त्यांनी असा काढला की पाहणाऱ्याला डिझेलचा वास यावा. मग त्यावर आम्ही आमचा ड्रायव्हर बसवला. गोरापान, रुंद छातीचा, डोळ्यांवर गॉगल. नाना बराच वेळ पाहत राहिले.

"हाऊ कोन शे?"

हा कोण, म्हणजे काय? मी म्हणालो, "ड्रायव्हर आहे, नाना."

"कुठला? आपल्याकडचा तर नाही. हा पहिल्याच वळणावर ट्रॉली उलटी घालेल."

आमच्या धंद्यात ज्याला कॅरेक्टर कस्टमायझेशन म्हणतात, म्हणजे खेळातला आपला माणूस खेळणाऱ्याने आपल्या मनासारखा घडवणे, त्याची आमच्याकडची सुरुवात अशी झाली. मला ते सगळे चोचले वाटत होते. लोकांना ट्रॅक्टर हवा आहे, तोंड कोण बघतो, असे मी नानांना म्हणालो. ते म्हणाले, "ट्रॅक्टर शेजाऱ्याकडेही असतो. त्यावर मी बसलोय की नाही, हे माणूस आधी बघतो."

पुढे कित्येक आठवडे त्यांनी नाके काढली, पोटे काढली, वाकलेल्या पाठी काढल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळण्याचे निरनिराळे प्रकार काढले. उजवा हात स्टिअरिंगवर असतो, म्हणून राम राम डाव्या हाताने, हेही त्यांनीच ठरवले. मी मनातून वैतागलो होतो. मग एके दिवशी ओळखीपाळखीच्या लोकांना खेळून पाहायला बोलावले. निवृत्त एसटी ड्रायव्हर असलेल्या माझ्या मामांनी पोट निवडले आणि म्हणाले, "अजून जरा वाढवता येईल का? हे माझं लग्नातलं आहे." लासलगावच्या अलीकडच्या एका गावाहून आलेल्या एक बाई घरचा ट्रॅक्टर स्वतः चालवत. त्यांनी विचारले, "माझ्यासारखी बाई हाय का यात? पदर नको डोक्यावर. रुमाल बांधलेला पायजे. ट्रॅक्टर चालवू का पदर सांभाळू?" नानांनी शेजारी बसून रुमाल बांधून दिला. बाईंनी अर्धा तास चेहरा जुळवण्यात घालवला, पाचच मिनिटे ट्रॅक्टर चालवला आणि निघताना बजावले, "माझी ट्रॉली कुणाला देऊ नका."

मला त्या दिवशी एक गोष्ट दिसली. गॉगलवाला तयार ड्रायव्हर दिला की लोक गंमत म्हणून ट्रॉली नाल्यात घालत आणि हसत. तीच माणसे स्वतः घडवलेला ड्रायव्हर बसवला की खड्डा पाहून वेग कमी करत. या विषयावर मला व्याख्यानाला बोलावतात, तेव्हा मी हेच सांगतो. त्यावर टाळ्या पडतात. त्यापुढचे मी आजवर कुठे सांगितलेले नाही.

खेळ बाजारात आणायला थोडे दिवस उरले होते. तपासणीसाठी काही लोकांना आधीच मोबाइलवर दिला होता. त्यांच्यापैकी एकाने दोषांची लांबलचक यादी पाठवली. तीत एक ओळ होती : एका ड्रायव्हरच्या डाव्या हाताची दोन बोटे दिसत नाहीत. नानांनी हाताचाही पर्याय ठेवला होता, कोणते बोट असावे आणि कोणते नसावे हे निवडण्याचा. आणि तो ड्रायव्हर, पिकलेल्या केसांचा, टोपीवाला, नानांनी स्वतःसाठी घडवलेला होता.

मी घाईत होतो, माझ्या लक्षात आले नाही, असे लिहिले असते तर हा लेख सोपा झाला असता. पण माझ्या लक्षात आले होते. क्षणभर का होईना, हा नानांचा हात आहे हे मला कळले होते. असा हात कोण निवडणार, उगाच लोक हसतील, असे मला वाटले. नानांची लाज आपण झाकतो आहोत, असेही वाटले. उजवा हात उलटा करून डावीकडे लावला, तो पर्यायच काढून टाकला आणि यादीतल्या त्या ओळीपुढे 'दुरुस्त' असे लिहिले. दहा मिनिटांचे काम. नाना शेजारच्या खोलीत होते. मी त्यांना विचारले नाही.

संध्याकाळी त्यांना सांगितले, "नाना, हाताचा जरा घोळ होता, काढून टाकला." त्यांनी स्वतःच्या ड्रायव्हरला एकदा हात वर करायला लावला. पाहिले. "बरं केलंस," म्हणाले, "पाचही दिसतात." मग आपला कप विसळून ठेवला, डबा उचलला आणि घरी गेले.

त्यानंतरही चार वर्षे ते आमच्याकडे येत होते. मुलांना शिकवत होते. त्यांच्या हाताखालची कितीतरी मुले आज मोठ्या कंपन्यांत आहेत आणि याच ग्रंथात त्यांनी त्याविषयी लिहिले आहे. पण स्वतःचा ड्रायव्हर नानांनी पुन्हा घडवला नाही. खेळायचे झाले तर तो गॉगलवाला घेत. मी वर त्यांची थट्टा करायचो, "काय नाना, तरुण झालात." ते हसायचे.

गेल्या महिन्यात समितीने मुखपृष्ठासाठी नानांचे छायाचित्र आणण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी पाथर्डी फाट्याला त्यांच्या घरी गेलो. नाना फिरायला गेले होते. सुमनकाकूंनी अल्बम काढून दिले. मी पाने उलटत गेलो आणि हळूहळू माझा हात मंदावला. लग्नात डावा हात उपरण्याखाली. मुलाच्या बारशाला पाठीमागे. वणीच्या गडावर खिशात. नातीला कडेवर घेतलेल्या फोटोतही तिच्या झबल्याआड. पन्नास वर्षांच्या फोटोंत तो हात कुठेच नव्हता.

काकू म्हणाल्या, "हात दिसतो असा एकच आहे. पण तो तुम्हाला चालणार नाही." त्यांनी देव्हाऱ्याच्या खणातले पंचांग काढले आणि त्यातून एक छोटा कागदी फोटो. मोबाइलच्या पडद्यावरचे चित्र त्यांनी फोटोवाल्याकडून छापून घेतले होते. ट्रॅक्टरवर बसलेले टोपीवाले नाना, डावा हात उंच केलेला, आणि त्या हाताला तीन बोटे.

"एके दिवशी घरी आले ते चप्पल काढायच्या आधी मोबाइल पुढं धरला. म्हणाले, हाऊ मी शे. इतकी वर्षं संसार केला, पण असा हात वर केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. म्हणून छापून घेतला." काकूंनी फोटो पदराने पुसला. "मग एकदा म्हटलं, दाखवा ना पुन्हा. तर म्हणाले, त्यात चूक होती, पोरांनी सुधारली."

मी चहा न घेताच उठलो. काय कारण सांगितले ते आठवत नाही.

ऑफिसात जाऊन जुन्या फायली उघडल्या. नानांनी प्रत्येक चित्राबरोबर टूलरूमच्या पद्धतीने टीप लिहिलेली असायची. त्या हाताच्या फाइलमध्ये होते : 'दोन बोटे नाहीत. ड्रॉइंगप्रमाणे. बदलू नये.' मला विचारायला उठावे लागले नसते, नुसती फाइल उघडली असती तरी पुरले असते. ज्या माणसाने माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, त्याच्या अंगावरची खूण मी चूक म्हणून पुसली. लाज त्यांनी त्या एका जागी उतरवून ठेवली होती. मी ती उचलून पुन्हा त्यांच्या खिशात घातली.

तो हात आता खेळात परत आणला आहे. परवा बाजारवाटेवर समोरून एक अनोळखी ड्रायव्हर आला आणि त्याने राम राम केला. त्याच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता. कोण, कुठला, माहीत नाही. अंबडमध्ये असे हात किती आहेत, हे मी सहा वर्षे तिथे काम करून पाहिलेले आहे. त्या सगळ्यांना इतकी वर्षे मी पाच बोटांचाच हात देत होतो. नानांना हे दाखवावे म्हणून फोन केला, तर म्हणाले, "आता नाही खेळत रे, डोळे दुखतात." बाकीचे माझ्याने फोनवर बोलवले नाही. म्हणून इथे लिहिले.

मुखपृष्ठावर अखेर समितीने दुसरे छायाचित्र घेतले आहे. त्यात नाना देखणे दिसतात आणि हात खिशात आहे. ग्रंथाला तेच शोभते, असे सर्वांचे मत पडले. मी वाद घातला नाही.

नाना, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. डोळे, गुडघे आणि काकूंच्या भाजीवरचे आपले शेरे शंभरीपर्यंत शाबूत राहोत. आपण शिकवलेले मी विसरलो, त्याची क्षमा मागायला मी समारंभाला पहिल्या रांगेत बसणार आहे. समितीला मी एकच विनंती केली आणि ती मान्य झाली आहे. या वेळी शाल आधी नाही. आधी श्रीफळ आहे, आणि ते चांगले मोठे आणले आहे. ते आपण दोन्ही हातांनी घ्यावे.