‘पेन’ म्हणजे नेमकं काय दुखतं?

दवाखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. रोगी बरा होऊन घरी जातो, त्याचं बोलणं मात्र आपल्यापाशीच राहतं. मग चार मैत्रिणी जमल्या, चहा झाला, की एकातून एक निघत जातं. माझ्याकडे तर असं पुष्कळ साठलंय.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. चिखलीच्या बाजूला आमचा छोटा दवाखाना. माणसं तीन. विलायतेहून आलेल्या डॉक्टरीणबाई, सोनाळ्याचे नामदेवराव कंपाउंडर आणि मी नर्स, सुलतानपूरची शांता. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते. त्यामुळे बाई बोलायच्या आणि मी रोग्यांना समजावून सांगायची.

बाई आल्या त्या पहिल्याच सकाळी एक म्हातारी पोट धरून आली. बाईंनी वाकून विचारलं, “पेन?”

मागे उभ्या नामदेवरावांनी खिशातलं पेन काढून, टोपण उघडून, अदबीनं पुढे केलं.

*

बाई जिद्दीच्या. “शांता, मला मराठी आलंच पाहिजे,” म्हणाल्या आणि डिक्शनरी घेऊन बसल्या. त्यात ‘पेन’पुढे छापलं होतं ‘दुःख’. दुसऱ्या दिवशी मी ड्रेसिंगच्या खोलीत होते, तेवढ्यात अमडापूरचे किसनाजी आले. वांगी-मिरचीचा मळा असलेला मोठा थोरला माणूस. बाईंनी माझी वाट न पाहता स्वतःच विचारलं, “तुम्हाला काय दुःख आहे?”

 किसनाजी स्टूल ओढून बसले.

“आता तुम्ही इचारलंच तं सांगतो, बाई. धाकटा भाऊ येगळा निंगाला. भिंत घातली मधात. बोलत नाही माह्यासंगं. एका आंगनात खेळलो आमी.”

मी हात पुसत बाहेर आले तेव्हा किसनाजी उपरण्यानं डोळे टिपत होते आणि बाई, एक अक्षर न कळता, त्यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. थोड्या वेळानं ते उठले, नमस्कार केला आणि चालायला लागले. ते लंगडताहेत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“किसनाजी, पायाला काय झालं?”

“गळू झालं ना व माय,” ते फाटकातून म्हणाले. “त्याच्यासाठीच आल्तो. पन आता लय बरं वाटून राह्यलं.”

*

मग रोज संध्याकाळी ओट्यावर आमची शिकवणी सुरू झाली. मी सांगायची: गळू ठणकतं, काटा सलतो, भाजलं की आग होते, बरगडीत चमक निघते. बाई म्हणायच्या, “आमच्याकडेही आहेत. पेन, एक, सोअर.” हा ‘एक’ म्हणजे दुखणंच, पण संथ, दिवसभर चालणारं. डोकं दुखलं तर हेडेक, दात दुखला तर टूथेक, पोट दुखलं तर स्टमकेक.

मी विचारलं, “मग पाय दुखला तर लेगेक का नाही?”

 बाईंनी वाकून आपल्याच पायांकडे बघितलं. “कोणी म्हणत नाही खरं,” त्या म्हणाल्या. “का ते मलाही माहीत नाही.”

नामदेवराव पायरीवर बाटल्या धूत होते. ते मान वर न करता म्हणाले, “त्यायले बसाले घोडे असतेत. पाय काऊन दुखतीन?”

*

एकदा नामदेवरावांच्या हातून औषधाची बरणी फुटली. दवाखाना भरलेला होता, बाई दमल्या होत्या. सगळ्यांदेखत त्यांना फाडफाड बोलल्या. नामदेवरावांनी काचा वेचल्या आणि दिवसभर तोंड मिटून काम केलं. जेवलेही नाहीत.

संध्याकाळी बाईंनी मला विचारलं, “यांना काय झालंय?”

“यू हर्ट हिम,” मी म्हणाले.

बाई घाबरल्या. काच लागली असेल असं वाटून आयोडीन आणि कापूस घेऊन धावल्या. “दाखवा. कुठं लागलं?”

नामदेवरावांनी छातीवर हात ठेवला. बाईंनी सदरा पाहिला. रक्त नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि कापूस धरलेला हात हळूच खाली गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना भरू दिला आणि सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, “नामदेवराव, काल मी चुकले. माफ करा.”

नामदेवरावांनी हातातली बाटली खाली ठेवली. “जाऊ द्या बाई,” एवढंच बोलले. मी नंतर विचारलं, “आता बरं वाटतंय ना?”

“ठनका गेला,” म्हणाले. “थोडी सल हाये. जाईन ते बी, जेवल्यावर.”

*

आणि आता गंगूची गोष्ट. एव्हाना बाई माझ्यावाचून रोगी तपासू लागल्या होत्या. गंगूला आठवा महिना. पहिलटकरीण, चेहरा पांढराफटक. सासूबाई सोबत होत्या आणि बोलत होत्या त्या एकट्याच.

“कळा येऊन राह्यल्या बाई. दिवसाच्या आधीच मोकळी होते वाटते.”

बाईंनी पोटावर हात ठेवला आणि गंगूलाच विचारलं, “कळा कधीपासून?” उत्तर सासूबाईंनी दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सासूबाई बोलल्या. शेवटी बाईंनी त्यांना गोड बोलून ओट्यावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

“आता तू सांग.”

गंगू दाराकडे बघत हळूच म्हणाली, “कळा नाहीत बाई. एकच कळ हाये. उजव्या अंगाले. कालपासून थांबलीच नाही.”

बाईंनी तिला परत तपासलं. हे बाळंतपण नव्हतंच. आतलं आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजलं होतं. त्याच दुपारी ऑपरेशन केलं. नामदेवरावांनी क्लोरोफॉर्म दिला, मी बाईंच्या हातात हत्यारं देत होते. पोर जाते की काय, पोटातलं राहतं की नाही, आम्हा तिघांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोघंही तगली. पुढे दिवस भरल्यावर गंगू त्याच खाटेवर बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली ठणठणीत.

नातीला मांडीवर घेऊन सासूबाई बाईंजवळ बसल्या. “काहो बाई, तुमच्या इंग्रजीत कळेले काय म्हनतेत?”

“पेन.”

“अन् कळायले?”

“पेन्स.”

“एवढासाच फरक?” सासूबाईंना नवल वाटलं. “मंग तुमच्याकडच्या सुना डॉक्टरले समजावून सांगतेत कशा?”

बाई नातीचं झबलं सारखं करत म्हणाल्या, “सासू ओट्यावर गेली की सांगतात.”