बाबा, गोणी आणि न उघडलेलं खोकं

माझ्या बाबांनी आयुष्यात एकही झाकण बंद राहू दिलेलं नाही. भात शिजत असला की दर तीन मिनिटांनी ते येणार, झाकण उचलणार, आत बघणार, "होतोय" असं आईला सांगणार आणि जाणार. तो होतोय हे आईला माहीत असतं. यांनी सारखी वाफ घालवली नसती तर एव्हाना झालाही असता, हेही माहीत असतं. नवीन गादी आणली तेव्हा तिच्या कोपऱ्याची शिवण उसवून आत खरंच कापूस आहे ना, याची त्यांनी खात्री करून घेतली. होता. शिवण मात्र आजतागायत तशीच आहे आणि मुक्कामी पाहुण्यांच्या केसांत सकाळी कापूस सापडतो.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे, असं आई म्हणते. मला वाटतं, ती नोकरीच बाबांना शोधत आली असणार. एकतीस वर्षं ते बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस होते. येणारं प्रत्येक विसावं खोकं बाजूला घ्यायचं, फोडायचं, आतले पुडे मोजायचे, वजन करायचं, पुन्हा भरायचं आणि तोंडावर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर सही करायची. एकदा सही झाली की ते खोकं कोणीही उघडायचं नाही, अगदी मालकानेसुद्धा. उघडायचंच झालं तर दोन सह्या लागत. एक बाबांची, दुसरी गोदामप्रमुखांची. या नियमाबद्दल बाबा जितक्या आदराने बोलतात तितक्या आदराने ते आमच्यापैकी कोणाबद्दलही बोललेले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाबांनी ते मागून उघडून बघितलं, परत बंद केलं, आणि पट्ट्यांचं एक उरलेलं रीळ मागून घेतलं.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी होणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. दुकानातून बारा अंडी आणली की मी म्हणायचे, "बाबा, मोजून आणलीत." ते म्हणायचे, "बरं केलंस," आणि मोजायला बसायचे. सातवीत मी वर्गात पहिली आले. बाबांनी माझे पेपर मागवून गुणांची बेरीज केली, विज्ञानात बाईंनी तीन गुण जास्त दिल्याचं शोधून काढलं आणि शाळेत जाऊन ते कमी करवून आले. मी तिसरी झाले. ते मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

नोकरी लागल्यावर मी दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. असू दे म्हणून एक चावी बाबांना दिली, ही माझी चूक. मी कामावरून आले की डब्यांची झाकणं वेगळ्याच डब्यांवर बसलेली असायची आणि टेबलावर चिठ्ठी असायची: "साखरेत मुंगी. एक." ती चावी परत मागायची, असं मी किती तरी वेळा ठरवलं होतं.

हॅमस्टर घ्यायला मी दुकानात गेले तेव्हाही बाबा सोबत आले, तळहाताएवढा वजनकाटा खिशात घेऊन. दुकानदार बघतच राहिला. बाबांनी त्याचाच चहाचा मग काट्यावर ठेवला आणि एकेक करून पाच हॅमस्टर त्यात बसवून तोलले.

"ही घे," ते म्हणाले. "बाकीच्यांपेक्षा चांगली भरते. गुटगुटीत आहे. पारखून घ्यावं माणसाने."

ती खरंच गुटगुटीत होती. दिलेलं सगळं दोन्ही गालांत कोंबून, भरल्या पोत्यासारखी उभी राहायची, म्हणून मी तिचं नाव गोणी ठेवलं. आठवड्याभरात ती एवढी फुगली की मी घाबरून तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाबा अर्थातच सोबत होते.

"गाभण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार-पाच दिवसांत पिल्लं होतील."

"दुकानदाराने फसवलं!" बाबा कडाडले.

"बाबा, पाचांतून तोलून तुम्हीच निवडलीत."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत सगळं समजावलं. घरटं करायला साधे पांढरे कागदी रुमाल फाडून द्यायचे. रोज उकडलेल्या अंड्याचा तुकडा आणि भरपूर पाणी. आवाज नको, उजेडाचा मारा नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पिल्लं झाल्यापासून निदान अकरा दिवस घरट्यात डोकावायचं नाही, हात तर लावायचाच नाही. "आई बिथरली तर पिल्लं खाऊनसुद्धा टाकते," त्या सहज म्हणाल्या.

"खाते?" बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सगळीच्या सगळी. आणि झाकण उचलून बघणारी माणसं असली की हमखास."

बाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या बाबांकडेच बघत होत्या.

आणि नेमकं तेव्हाच मला पंधरा दिवसांसाठी बाहेरगावी जावं लागणार होतं. मी इस्पितळांत एक्स-रेची यंत्रं बसवते, आणि एका इस्पितळाचं यंत्र बसवायची तारीख ठरून गेली होती. मी मैत्रिणीला विचारलं, तिच्याकडे मांजर. शेजारणीला विचारलं, ती उंदीर समजून खुर्चीवर चढली. उरलं कोण? जगातलं सगळ्यांत चुकीचं घर उरलं. मी पिंजरा उचलला आणि आईबाबांकडे नेला.

घरटं म्हणजे पिंजऱ्यातलं लाकडी खोकं. बाजूला जरा उंचावर एक गोल भोक आणि वर उचलता येणारं झाकण. ते झाकण बघितल्याबरोबर बाबांची बोटं हलली. मी बघितलं.

"बाबा, नीट ऐका," मी म्हणाले. "हे झाकण तुम्ही उचललंत आणि पिल्लं गेली, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. आणि माझ्या घराची चावी मला परत हवी. खरंच सांगतेय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.   बाबा आत गेले आणि पट्ट्यांचं रीळ घेऊन आले. पिंजऱ्याच्या छोट्या दारातून हात घालून त्यांनी खोक्याच्या झाकणावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख घातली आणि सही केली. गोणी गाल भरून हा सगळा सोहळा बघत होती.

"आता?" मी विचारलं.

"आता दोन सह्यांशिवाय उघडत नाही," बाबा म्हणाले. "तू गोदामप्रमुख."

तिसऱ्या दिवशी फोन आला. "आवाज आला," बाबा कुजबुजले. "बारीक. चूं चूं. एकाहून जास्त."

"किती?"

"ते सांगता येत नाही," ते म्हणाले. हे वाक्य उच्चारताना त्यांना काय यातना झाल्या असतील, ते मला इकडे ऐकू आलं.

पुढचं सगळं आईने मला रोज रात्री फोनवर ऐकवलं. घरात मिक्सर बंद झाला होता. दाराची घंटा बाबांनी तार काढून ठेवली होती. टीव्ही चालू असायचा, पण आवाजाविना, आणि बातम्या सांगणारी बाई काय म्हणतेय ते बाबा तिच्या ओठांवरून ओळखून आईला सांगायचे. आईच्या मते त्यातलं एकही खरं नसायचं. वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका खुर्ची फरफटवतात म्हणून बाबा त्यांच्याकडे गेले आणि चारही खुर्च्यांच्या पायांना स्वतःचे जुने मोजे घालून आले. पिंजरा साफ करायचा नसल्यामुळे खोलीला असा वास येत होता की आई नाकाला पदर लावून जेवत होती.

"आणि भात?" मी विचारलं.

"भात म्हणशील तर," आई म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा वेळेवर शिजतोय. हा माणूस तिकडून हलतच नाही."

पिल्लं झाल्याच्या सहाव्या दिवशी दुपारी मी यंत्राखाली आडवी झाले होते, तेव्हा फोन वाजला.

"सकाळपासून आवाज नाही," बाबा म्हणाले. "कालचं अंडं तसंच पडलंय. ती बाहेरच आली नाही. मला एक सही दे. तोंडी चालेल, मी वहीत लिहून घेतो."

माझाही हात त्या क्षणी झाकणाकडे गेला असता, खोटं कशाला बोलू. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, आत मेली असेल तर?"

"बाबा, नाही."

"लोकांच्या पोटात बघायची यंत्रं लावत फिरतेस," बाबा चिडून म्हणाले, "आणि बापाला एक खोकं उघडू देत नाहीस!" आणि त्यांनी फोन ठेवला. मी त्या यंत्राचा एकच स्क्रू चार वेळा घट्ट केला.

नंतर आईने जे सांगितलं ते असं. बाबा पिंजऱ्यापासून दोन हातांवर स्टूल टाकून बसले. चहा आला, गार झाला, परत गेला. तासभर झाला, दोन तास झाले. त्यांची ही अवस्था आईच्याने बघवेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "अहो, बघून टाका ना एकदाचं. पट्टी मी नवीन लावून देते. तिला कोण सांगायला जातंय?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "सही माझी आहे," ते म्हणाले, आणि हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले. आई म्हणते, एकतीस वर्षं हा माणूस कारखान्यातून दमून घरी आलेला तिने बघितलाय, पण त्या दुपारी दमला तसा कधीच नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास भोकातून मिशा बाहेर आल्या. मग नाक. मग गोणी उतरली, अंड्याचा ताजा तुकडा गालात कोंबला, पाणी प्यायली आणि कोणाकडेही न बघता आत गेली. पाठोपाठ आतून चूं चूं सुरू झालं. मला फोन आला तो दोन शब्दांचा.

"माल उचलला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मीही इस्पितळाच्या त्या खोलीत, आजूबाजूला कोणी नाही बघून, डोळे पुसून घेतले.

मी परत आले तेव्हा दारावर पाटी होती: "घंटा नादुरुस्त. एका बोटाने वाजवावे." मी एका बोटाने वाजवलं. आत बाबा पिंजऱ्याशेजारी इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. त्यांनी आधी माझ्या हातात वही दिली. रोजची तारीख, पाणी, अंडं, आवाज, सगळं तक्त्यात. शेवटचा रकाना पिल्लांच्या संख्येचा. त्यात अकरा दिवस, अकरा वेळा, एकाखाली एक लिहिलं होतं: "माहीत नाही." पहिल्या दिवशी पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.

पट्टी जशीच्या तशी होती. कडेला उचकटल्याची खूण नाही, वर दुसरी चिकटवलेली नाही. मी ती निरखून तपासली. शेवटी मुलगी कोणाची! मग मलाच लाज वाटली.

गोणी अंडं खायला बाहेर आली होती. मी वहीत सही केली, बाबांनी केली. मी पट्टी कापली आणि झाकण उचललं. कागदाच्या कपट्यांत एकावर एक पिल्लं पडली होती. अंगावर मऊ लव आलेली, डोळे अजून मिटलेले, पोटं टम्म. सगळी श्वास घेत होती. बाबा माझ्या खांद्यामागे उभे होते. मी बोटाने हवेत मोजलं.

"आठ आहेत, बाबा. मी मोजली."

"बरं केलंस," बाबा म्हणाले.

मी झाकण हातात धरून तशीच थांबले. आता ते पुढे येणार, चष्मा पुसणार आणि मोजायला लागणार. पण ते वळले, टेबलापाशी गेले आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: "आठ." आई स्वयंपाकघरात काही तरी शोधायला निघून गेली. मीही झाकण लावायच्या निमित्ताने बराच वेळ खाली बघत राहिले.

चावी मागायचं त्या दिवशी राहून गेलं. पिंजरा मी आणखी आठवडाभर तिथेच ठेवला, पिल्लांना जागा बदलायला नको म्हणून. बाबांना हवाच होता.

चार दिवसांनी मी संध्याकाळी गेले, तर पिल्लांचे डोळे उघडले होते आणि सगळी फौज बाहेर येऊन ताटलीभोवती धक्काबुक्की करत होती. मी सहज मोजली. पुन्हा मोजली. मग एकेक दाणा समोर ठेवून मोजली. नऊ होती.

"बाबा, नऊ आहेत!"

"हो," पेपरातून डोकं न काढता बाबा म्हणाले. "एक कागदाखाली होतं. मागचा पाय बाहेर दिसत होता."

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत? वहीत चक्क आठ लिहिलंत!"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "तू मोजलं होतंस ना," ते म्हणाले.

बाबांनी वही काढली, आठावर फूटपट्टी धरून सरळ रेघ मारली, शेजारी नऊ लिहिलं, सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"कर," ते म्हणाले. "खाडाखोडीला दोन सह्या लागतात."